दुपारची हजेरी



राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचे हे दिवस. पहाटे गोधडी लागते. अशा हवेत मी उन्हाळ्यावर बोलणार आहे म्हटल्यावर संयोजकही जरा हसले. पण उन्हाळ्याची चर्चा आपण मे महिन्यात करतो, तिथेच सगळं फसतं. मे महिन्यात सलाईन लावता येतं, रुग्णवाहिका बोलावता येते, फार तर शाळेची वेळ बदलता येते. टिनाचं छत, गल्लीतली पाण्याची टाकी, शेजारी एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या दाराची दुसरी किल्ली, यांची सोय लावायची तर ती दिवाळी ते होळी एवढ्याच काळात. तेव्हा विषय वेळेवरचा आहे असं समजून ऐका.

मी अकोल्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. आम्हा वऱ्हाडी माणसांना उन्हाचा एक चोरटा अभिमान असतो. 2019 च्या एप्रिलअखेरीला आणि पुन्हा 2020 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 47 अंशांच्या पुढे गेला, तेव्हा चहाच्या टपरीवर लोक पेपर उलगडून सांगत होते, ‘पाहा, देशात आपला नंबर पयला.’ क्रिकेटचा सामना जिंकल्यासारखा आनंद. पुण्या-मुंबईचे पाहुणे कासावीस झाले की आपण मिशीत हसतो. एक आजी मला म्हणाल्या होत्या, ‘सारा जलम ह्या उन्हात गेला डाक्टर, आता काहून घाबरू?’ त्यांच्या या प्रश्नाचं नीट उत्तर देता यावं एवढ्यासाठी आजचं हे व्याख्यान आहे.

पेपरात छापून येतो तो आकडा कुठला असतो? हवामान खात्याचा तापमापक मोकळ्या जागेत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीच्या आसपास, चहूबाजूंनी फटी असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत टांगलेला असतो. म्हणजे तो सावलीतला, वारा लागणारा आकडा. त्या पेटीत कोणी राहत नाही. माणसं राहतात दहा बाय बाराच्या खोलीत, डोक्यावर टिन, खिडकी एक, तीही गल्लीतल्या दुसऱ्या भिंतीकडे उघडणारी. दुपारी तीन वाजता अशा खोलीत शिरून पाहा. मांडणीवरची स्टीलची भांडी हाताला चटका देतात. वरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी नळाला आलं की हात धुववत नाहीत. कूलर चालू असतो, पण तो आतल्या आतलीच गरम हवा फिरवतो, कारण त्याला बाहेरची हवा घ्यायला जागाच नाही. पलंगावरची चादर गरम, उशी गरम. आणि रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी ती दुपारचं ऊन परत करत असते.

या रात्रीकडे आपण फार दुर्लक्ष केलं. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहतं. सलग तीन-चार रात्री झोप नाही, अंग निवलं नाही, तर चौथ्या दिवशीचं तेच तापमान त्याच माणसाला आडवं करतं. आमच्या लहानपणी सगळी गल्ली अंगणात नाहीतर गच्चीवर झोपायची. आता अंगण राहिलं नाही, टिनावर झोपता येत नाही, आणि एकट्या बाईला दार उघडं टाकून झोपायची हिंमत होत नाही.

आता सरकारी व्याख्येची गंमत पाहा. मैदानी भागात पारा 40 च्या वर आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला, किंवा सरळ 45 ला पोहोचला, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. आपल्याकडे मे महिन्याची सरासरीच 42-43 च्या घरात. म्हणजे 44 अंशांच्या दुपारी अमरावतीच्या इतवारा बाजारात हातगाडी ओढणारा माणूस कागदोपत्री लाटेत नसतोच. तो ‘नेहमीच्या उन्हात’ असतो. व्याख्या सगळ्या देशासाठी करायची तर अशीच करावी लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘आज लाट नाही’ या बातमीचा अर्थ ‘आज धोका नाही’ असा वऱ्हाडात तरी कोणी घेऊ नये.

तर, आजींच्या प्रश्नाचं उत्तर. सारा जन्म उन्हात गेला हे खरं, पण तो जन्म वेगळ्या शरीरात गेला. शरीर निवतं ते मुख्यतः घामानं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपली हवा कोरडी, घाम आल्या-आल्या उडून जातो, कपडा ओला होत नाही, म्हणून किती पाणी गेलं ते कळत नाही. साठीनंतर घाम कमी येतो आणि तहानही बोथट होते. पाण्याची गरज असते, पण जीभ सांगत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली, मधुमेह असला, मानसिक आजाराची काही औषधं असली, की शरीराची निववण्याची यंत्रणा आणखी लंगडी होते. अशा माणसाला ऊन लागायला उन्हात जायची गरजच नाही. तो घरात पडल्या पडल्या तापतो. उष्माघाताचे रस्त्यावर कोसळलेले रुग्ण आपल्याला दिसतात, घरातले दिसत नाहीत. ‘सकाळी उठवायला गेलो तर गेलेले होते’, असं सांगून नातेवाईक येतात आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो. तो खोटा नसतो, फक्त अर्धा असतो.

पंख्याबद्दल एक सांगतो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. हवा 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम वाराच मारतो, तो शरीर निववत नाही. अंगावर ओला दुपट्टा घेऊन पंख्याखाली बसलात तर गोष्ट वेगळी. आणि खिशातल्या कांद्याचं म्हणाल, तर कांद्यानं ऊन लागत नाही याला काही पुरावा नाही. पण खिशात कांदा ठेवणारा माणूस निदान उन्हाची दखल तरी घेतो, म्हणून मी त्याच्याशी वाद घालत नाही.

मेलेले मोजायचे कसे, हे अहमदाबादनं दाखवलं. 2010 च्या मे महिन्यात तिथे पारा 46.8 पर्यंत गेला. रुग्णालयांत उष्माघात म्हणून नोंदवलेले मृत्यू थोडेच होते. नंतर संशोधकांनी महापालिकेच्या मृत्युनोंदवहीतले सगळे मृत्यू, कारण काहीही लिहिलेलं असो, आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. 1344 मृत्यू जास्तीचे निघाले. त्या आकड्यानं शहर हादरलं आणि 2013 मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातल्या शहरांमधला पहिला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला. बाळांचं उन्हानं आजारी पडणं कमी झालं. यंत्र नाही, निधी नाही, फक्त जिना उतरायचा होता. आपल्या अकोल्या-अमरावतीच्या महापालिकांकडेही मृत्युनोंदवह्या आहेत. मागच्या दहा वर्षांचे एप्रिल-मे उघडून रोजचा पारा आणि रोजचे मृत्यू शेजारी-शेजारी लिहायला एक कारकून, एक विद्यार्थी आणि एक महिना पुरे. वैद्यकीय महाविद्यालयं दोन्ही शहरांत आहेत. हे काम अजून वाट पाहत पडलं आहे.

नुसता पारा माणूस मारत नाही, हे कळायला मात्र अहमदाबादहून लांब जावं लागतं. 1995 च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. 739 माणसं जास्तीची मेली. एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञानं या मृत्यूंचा वस्त्यांप्रमाणे अभ्यास केला. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्या एकमेकींना लागून. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे, ऊन तर एकच. पण एका वस्तीत लाखामागे चाळीस मेले आणि दुसरीत चारही नाहीत. फरक काय होता? जिथे मृत्यू कमी होते तिथे रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं खाली उतरत, कोणी दिसलं नाही तर विचारपूस होई. दुसऱ्या वस्तीत कारखाने गेले, दुकानं बंद पडली, घरं ओस पडली, आणि उरलेल्या म्हाताऱ्यांनी भीतीनं दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्या लावलेल्या दारांआड माणसं मेली. आपल्याकडे असं होणार नाही, आपण माणुसकीची माणसं, असं आपण म्हणतो. मी ज्या आजींचं सांगितलं त्यांचा मुलगा पुण्याला असतो, आणि त्या दुपारी आतून दोन कड्या लावून बसतात.

आता मी गुरुकुंजात का आलो, ते सांगतो. 1935 मध्ये तुकडोजी महाराजांनी इथे, मोझरीच्या माळावर, आश्रम उभा केला. त्यांनी गावोगाव काय लावून दिलं? सामुदायिक प्रार्थना. त्यामागचा अध्यात्माचा भाग मी जाणकारांवर सोपवतो. मला डॉक्टरच्या नजरेतून त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. गावातली माणसं रोज ठरल्या वेळेला, एका ठिकाणी, रांगेत बसतात. जात विचारायची नाही, पत विचारायची नाही. अशा रांगेत एक जागा रिकामी राहिली की लगेच दिसते. प्रार्थना आटोपली की कोणीतरी म्हणतंच, ‘आज दादा नाही आले?’ आणि घरी जाताना त्यांच्या दाराशी डोकावतं. ही हजेरी कोणी वहीत लिहीत नव्हतं, पण ती रोज लागत होती. ग्रामगीतेत महाराजांनी ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, संघटन यांना वेगवेगळे अध्याय दिले, पण त्यांच्या कामात या गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. ज्या गावाला आपली माणसं मोजता येतात, त्या गावाचं आरोग्य सांभाळणं सोपं असतं. आपल्या शहरांनी ही हजेरी हरवली. फ्लॅटमधल्या माणसाला समोरच्या फ्लॅटमधल्याचं आडनाव माहीत नसतं, आणि झोपडपट्टीत आडनाव माहीत असलं तरी दिवसभर सगळे कामावर असतात. दुपारी वस्तीत राहतात ते म्हातारे, बाळंतिणी, तान्ही मुलं आणि आजारी. नेमके तेच.

पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं इथे एका क्षणी स्तब्ध उभी राहतात. इतक्या माणसांना एका मिनिटाच्या शिस्तीत उभं करण्याची ताकद ज्या परंपरेकडे आहे, तिला मे महिन्यात दुपारी आपापल्या गल्लीत दहा दारं वाजवणं जड नाही.

शासनानं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. 2024 च्या मेअखेरीला पारा 45 च्या वर गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी 31 मेपर्यंत कलम 144 लागू केलं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, सकाळी 10 ते संध्याकाळी 5 शिकवण्या घेऊ नका, असं बजावलं. उन्हासाठी जमावबंदीचं कलम वापरावं लागलं, याची देशभर बातमी झाली, काहींनी चेष्टाही केली. मी चेष्टा करणार नाही. अधिकाऱ्याच्या हातात जे हत्यार होतं ते त्यानं वापरलं. त्यामुळे शिकवणीला जाणारी मुलं वाचली असतील. पण डाळ मिलमधल्या हमालाची हजेरी पोत्यांवर असते, तासांवर नसते. तो सावलीत बसला की त्याची पोती दुसरा उचलतो. एक वाजता काम थांबवायचं तर सकाळी सहाला सुरू करायला हवं, आणि ते मालक, हमालांची संघटना आणि बाजार समिती यांनी मार्चमध्येच बसून ठरवायला हवं. मेअखेरीच्या आदेशानं ते होत नाही. आणि गर्दी जमवणारे आपण सगळे एक तारीख लक्षात ठेवूया: 16 एप्रिल 2023. खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर दुपारी उघड्यावर बसलेल्या श्रद्धाळूंपैकी 14 जण उष्माघातानं गेले. तिथलं तापमान 38 च्या आसपास होतं. आपल्याकडे ज्याला आपण ‘आज बरंय’ म्हणतो, तेवढं. उन्हाळ्यातले लग्नसमारंभ, सप्ते, सभा यांच्या वेळा आपण बदलणार आहोत की नाही?

पाण्याचं बोलल्याशिवाय वऱ्हाडात उन्हावर बोलता येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते खारं. अकोल्याला काटेपूर्णेचं पाणी महानहून येतं, अमरावतीला अप्पर वर्ध्याचं, आणि अकोल्यात तर नळ काही दिवसांआड येतो. डॉक्टर सांगतो भरपूर पाणी प्या, आणि घरातली बाई ड्रमाकडे पाहून ग्लास मोजते. कूलरलाही पाणीच लागतं. आपली हवा कोरडी असल्यानं मेपर्यंत तो उत्तम चालतो, पण मृगाच्या आधी हवेत दमटपणा आला की ताट्या ओल्या राहूनही खोली निवत नाही. नवतपा, म्हणजे उन्हाचे ते नऊ कडक दिवस, संपला म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे गर्दी असते.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याच्या अन्नानंतर लगेच तहानलेल्याचं पाणी येतं. बाबा याच मातीतले, त्यांना उन्हाची तहान ठाऊक होती. पाणपोई ही आपल्याकडे पुण्याची गोष्ट आहे आणि ती राहू द्या. पण चौकातली पाणपोई चालणाऱ्याची तहान भागवते, खाटेवरच्या माणसापर्यंत ती जात नाही. आणि पाणी नेऊन पोचवण्यात आपण कमी आहोत असंही नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी भरभरून कावडी खांद्यावर घेतात आणि सतरा-अठरा किलोमीटर चालत राजराजेश्वराला आणतात. एकेका मंडळाची कावड शेकडो भरण्यांची. गल्लीगल्लीत मंडळ आहे, वर्गणी आहे, पोरं आहेत, मोबाईलवर सगळ्यांचे ग्रुप आहेत. मी त्या मंडळांच्या मुलांना विचारतो: श्रावणात देवाला पाणी, तसं वैशाखात गल्लीतल्या म्हाताऱ्याला का नाही? चार मुलांनी मला ‘हो’ म्हटलं, आणि मागच्या उन्हाळ्यात त्यांनी केलंही. दुपारी दोनला एका पिशवीत पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखरेची पाकिटं, एक थर्मामीटर. पहिल्या दिवशी लोकांनी दारं उघडली नाहीत. आठवड्यानं म्हाताऱ्या त्यांची वाट पाहायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

छताबद्दल थोडंच सांगतो. मातीच्या भिंतींची धाब्याची घरं आणि कवेलूची छपरं गेली, ती परत आणता येणार नाहीत. पावसात गळायची, उंदीर व्हायचे, हेही खरं. टिन स्वस्त आणि झटपट. पण टिनाच्या खाली बांबूच्या तट्ट्याचं दुसरं छत केलं, मध्ये वीतभर हवा ठेवली, तर बराच फरक पडतो. सिमेंटच्या गच्चीला होळीच्या सुमारास पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायकांनी हे करून दाखवलं आहे. टिनावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरणारेही आहेत. सावली होते, पण वाळलेली पऱ्हाटी ठिणगीची वाट पाहत असते, आणि चुलीचा धूर त्याच छतातून जातो. ते करू नका.

आता काम. गुरुदेव सेवा मंडळाच्या शहरातल्या शाखा, गणेश मंडळं, कावड मंडळं, बचत गट, आशाताई, ज्या कोणाची गल्ली आहे त्यांनी एक साधी वही घ्यावी. गल्लीत एकटं कोण राहतं, साठीच्या वरचं कोण, गरोदर कोण, तान्हं कुठे आहे, कोण कोणत्या गोळ्या घेतं, कोणाच्या घराला टिन आहे, मुलाचा फोन नंबर काय, दुसरी किल्ली कोणाकडे. ही माहिती फलकावर लावायची नाही, दोघातिघांकडेच ठेवायची. गल्लीतली एक गार खोली हेरून ठेवायची. समाजमंदिर असेल, शाळेचा खालचा वर्ग असेल, एखाद्याचं जुनं जाड भिंतींचं घर असेल. एप्रिलपासून दुपारी दोन ते चार दारं वाजवायची. माणूस असंबद्ध बोलतोय, अंग भट्टीसारखं तापलंय, उभं राहता येत नाही, तर तापाची गोळी देत बसू नका, ती इथे काम करत नाही. सावलीत आणा, अंगभर पाणी ओता, ओली चादर घाला, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

उष्माघाताची सरकारी नोंद दरवर्षी 1 मार्चला सुरू होते. तुमच्या गल्लीची वही त्याच्या आधी तयार असू द्या. आणि पुढच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात याल तेव्हा ती बरोबर आणा. कोणत्या दारावर किती वेळा गेलात, कोण वाचलं, कोण वाचलं नाही, ते या व्यासपीठावर तुम्ही सांगायचं आणि आम्ही डॉक्टरांनी खाली बसून ऐकायचं.